डावीकडे कललेली माणसं

काळ्या खोलीत सरळराव येऊन बसले आणि त्या दिवसापासून हाडांच्या दवाखान्यात सरळ माणूस औषधालाही उरला नाही.

सरळराव म्हणजे कुणी माणूस नव्हे. तीन भिंतींवर तीन कॅमेरे, समोर दाराएवढा पडदा, आणि त्या सगळ्याच्या पोटात म्हणे कृत्रिम बुद्धिमत्ता. जमिनीवर रबरी चटई, चटईवर दोन पावलं छापलेली. त्या पावलांवर आपली पावलं ठेवायची, हात सैल सोडायचे, समोर बघायचं. एक कॅमेरा पुढून बघणार, एक मागून, एक बाजूने. माणसाला साधं वळायचेही कष्ट नकोत. अर्ध्या मिनिटात पडद्यावर आपलाच फोटो, अंगभर लाल ठिपके, ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा आणि खाली शंभरपैकी गुण. मग साखरेत घोळलेला एक पुरुषी आवाज सांगायचा की आपला डावा खांदा उतरलेला आहे, कमरेचं डावं हाड खाली आहे, पण काळजी करू नका, खास आपल्यासाठी व्यायामाचा कार्यक्रम तयार होत आहे. खास आपल्यासाठी म्हणजे मघाशी शेजारणीला दिला तोच, वरचं नाव तेवढं बदलून.

मशीनचं खरं नाव जिभेला गाठ मारणारं होतं. सरळराव हे नाव ठेवलं व्यायामबाईंनी. बाई दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट, पण तो शब्द पुरता म्हणेपर्यंत पेशंटची मान आणखी धरायची, म्हणून गेली बावीस वर्षं सगळे त्यांना व्यायामबाईच म्हणत. बाईंची जीभ तिखट होती आणि हात शहाणे. मानेवर दोन बोटं फिरवून त्या सांगायच्या की तुम्ही फोन डाव्या कानाला लावता, आणि तुमच्या कामाची खुर्ची टेबलापेक्षा बुटकी आहे. बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

त्यांची हत्यारं मोजून तीन: टेप, ओळंबा आणि हे दोन हात. ओळंबा म्हणजे गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला वापरतात ना, दोरीला बांधलेलं पितळी वजन, तोच. बाई तो हॉलच्या चौकटीला टांगायच्या, पेशंटला दोरीमागे उभं करायच्या आणि एक डोळा मिटून बघायच्या. ती जागा त्यांनी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ठरवली होती, तीही फरशीवर काचेची गोटी ठेवून. गोटी जिथे जागची हलली नाही, तिथे ओळंबा. जमीनच वाकडी असली तर वरच्या माणसाचा काय दोष, असं त्या तेव्हा म्हणायच्या. तेव्हा म्हणायच्या, हे लक्षात ठेवा.

मग डॉक्टरांच्या डोक्यात मशीन शिरलं. डॉक्टर म्हणजे दवाखान्याचे मालक. हाडं जोडण्यात हात चांगला, पण चार लोकांत मिरवायची भारी हौस. मशीनला अंधारी, एकसारख्या उजेडाची खोली हवी होती, आणि दवाखान्यात तशी एकच होती. पूर्वी एक्स-रेच्या फिल्मा तिथे धुवायचे, म्हणून तिला काळी खोली म्हणत. फिल्मांचा जमाना गेला, खोलीत मोडक्या कुबड्या पडून होत्या. त्या निघाल्या, भिंतींना पांढरा रंग लागला, मशीनवाल्यांचा तंत्रज्ञ आला. त्याने तिन्ही कॅमेरे पाणसळ, म्हणजे सपाटी बघायची ती बुडबुड्याची पट्टी, लावलावून केसभरही तिरके राहणार नाहीत असे बसवले, फरशीवर चटई टाकली आणि चहा पिऊन निघून गेला. काय पण काळजी म्हणावी.

उद्घाटनाच्या दिवशी वीसेक पेशंटसमोर डॉक्टर हसत हसत म्हणाले, "बाई, तुमच्या एका मिटलेल्या डोळ्यापेक्षा याचे तीन उघडे डोळे बरे." लोक हसले. बाईही हसल्या, पण ते वाक्य त्यांच्या घशात काट्यासारखं अडकलं ते अडकलंच. ओळंबा, टेप आणि गोटी त्यांनी खणात टाकून दिली आणि मनाशी ठरवलं की आता ब्र काढायचा नाही. मशीन तुमचं, खोली तुमची, शहाणपणही तुमचंच. मी आपली सहीपुरती. त्या खोलीत गोटी ठेवून बघावी हे एरवी त्यांना झोपेतही सुचलं असतं. पण रुसलेल्या माणसाला दुसऱ्याची खोली तपासायची गरज वाटत नाही.

महिन्याभरात सरळरावांनी दीडेकशे माणसं तपासली आणि त्यातली जवळजवळ सगळी डावीकडे कललेली निघाली. शिक्षक कलले, स्वयंपाकीण कलली, ऐंशीच्या आजोबांपासून शाळकरी पोरीपर्यंत सगळ्यांचा डावा खांदा उतरला. आता कुठल्याही शहाण्या माणसाला यात काहीतरी पाणी मुरतंय अशी शंका आली असती. डॉक्टरांना आला तो आनंद. त्यांनी या आजाराला नाव दिलं, डावकल. लोक उजव्या हातात फोन धरतात म्हणून डावी बाजू आळशी होते, अशी उपपत्ती मांडली, आणि डॉक्टरांच्या एका परिषदेत त्यावर भाषणही ठोकून आले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. बाई मनातल्या मनात हसल्या, आणि जिथे सही मागितली तिथे सही करत राहिल्या.

त्यात कंटेनर यार्डाचं काम आलं. तिथल्या लोकांच्या पाठदुखीच्या तक्रारी वाढल्या होत्या, म्हणून मॅनेजरांनी नियम काढला. क्रेन चालवणाऱ्या प्रत्येकाने तीन महिन्यांत तीनदा सरळरावांपुढे उभं राहायचं. तिसऱ्या वेळी सत्तर गुण हवेत. कमी पडले तरी माणूस मन लावून व्यायाम करत असेल तर आणखी तीन महिने मुदत. पण गुणही कमी आणि वर 'सूचना पाळत नाही' असा फिजिओचा शेरा असेल, तर केबिनमधून खाली. खाली म्हणजे हातमोजे वाटणं, गेट उघडणं. क्रेन कायमची गेली.

यार्डातून आलेल्यांत एक बाई होती. उंच, रुंद खांद्यांची, बोलायला कमी. बासष्ट पायऱ्यांची शिडी चढून ती केबिनमध्ये बसायची आणि घराएवढे कंटेनर कुंडी ठेवावी तसे अलगद ठेवायची. आठ वर्षं जमिनीवर हेलपाटे घालून, तीनदा परीक्षा देऊन तिने ती केबिन मिळवली होती. यार्डात तिला क्रेनताई म्हणत, मग दवाखान्यातही तेच नाव पडलं.

पहिल्याच भेटीत ती चटईवर उभी राहिली, खाली उतरली, परत उभी राहिली. मग बाईंना विचारलं, "ही जमीन पाणसळीत आहे ना? मला डाव्या पायाखाली उतार लागतोय." तिचं म्हणणं साधं होतं. तिच्या केबिनमध्ये काचेच्या नळीत एक बुडबुडा असतो. तो मधोमध आल्याशिवाय ती ओझ्याला हात घालत नाही, कारण क्रेन कललेली असेल तर वरचं सगळंच खोटं. वर्षानुवर्षं त्या बुडबुड्यावर नजर ठेवून उताराची जाण तिच्या तळपायांत उतरली होती.

आता बाईंचंही ऐका. त्यांच्या धंद्यात एक गोष्ट बावीस वर्षांत पक्की बसते: व्यायाम दिलेला माणूस सबबी सांगतो. घरी जागा नाही, चटई टोचते, सतरंजी सरकते, पाहुणे आले. दहांतले नऊ खोटं बोलतात आणि दहावा विसरतो. तेव्हा क्रेनताईचं बोलणं बाईंना बोलणं म्हणून ऐकूच आलं नाही, सबब म्हणूनच ऐकू आलं. शिवाय बाहेर अकरा जण ताटकळत होते. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं त्या म्हणाल्या, "नाचता येईना, अंगण वाकडं."

दारातली माणसं खो खो हसली. क्रेनताईचा चेहरा लाल झाला. ती निमूट पावलांवर पावलं ठेवून उभी राहिली. गुण आले एकसष्ट.

कार्यक्रमात मुख्य व्यायाम एकच होता. उजव्या पायाने पायरीवर उभं राहायचं, डावा पाय अधांतरी सोडायचा आणि कमरेची डावी बाजू खाली-वर करायची. तीस वेळा, दिवसातून दोनदा. दुसऱ्या महिन्यात गुण आले साठ. साखरेचा आवाज म्हणाला, आपण नियमित व्यायाम केलेला दिसत नाही. क्रेनताई म्हणाली की तीसच्या जागी साठ करते. बाईंनी मान हलवली, जशी त्या गेली बावीस वर्षं हलवत होत्या.

तिसऱ्या महिन्यात ती आली तेव्हा किंचित लंगडत होती. उजव्या कुशीवर झोपता येत नाही, शिडी चढताना उजव्या खुब्यात कळ येते, असं तिने सांगितलं. गुण आले अठ्ठावन्न. त्या दिवशी सकाळीच डॉक्टरांनी बाईंना टोमणा मारला होता की यार्डाचे आकडे वर चढत नाहीत म्हणजे तुम्ही पेशंटच्या मागे लागत नाही. बाईंचं डोकं आधीच तापलेलं. त्यांनी विचारलं, खरं सांगा, व्यायाम करता का? क्रेनताई म्हणाली, घरी सासूबाई शेजारी उभ्या राहून मोजतात, वाटल्यास फोन लावून विचारा.

"सासू सुनेच्या बाजूने साक्ष देते," बाई म्हणाल्या, "हे नवीनच ऐकतेय मी."

आणि शेऱ्याच्या चौकटीत त्यांनी टाइप केलं: पेशंट सूचना पाळत नाही. खाली सही. तीन महिन्यांत त्यांनी क्रेनताईला एकदाही टेबलावर आडवं घेतलं नव्हतं, तिच्या खुब्याला बोट लावलं नव्हतं. सरळरावांच्या कार्यक्रमात ते नव्हतंच, आणि बाई तर रुसलेल्या होत्या.

त्यानंतरच्या गुरुवारची गोष्ट. दुसऱ्या दिवशी यार्डाचे मॅनेजर येणार, म्हणून दवाखाना चकाचक करायचं चाललं होतं. शेकडो पायांनी रबरी चटईला वास मारायला लागला होता. फरशी पुसणाऱ्या मावशींनी ती प्रथमच उचलून बाहेर वाळत टाकली आणि काळ्या खोलीत बादलीभर पाणी ओतलं. बाई चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या. खरं तर मावशींशी सरळरावांची टवाळी करायलाच आल्या होत्या.

पाणी पसरलं नाही. सगळंच्या सगळं डाव्या भिंतीकडे धावलं, कोपऱ्यातल्या गंजक्या जाळीपाशी जमलं आणि गटगट करत आत गेलं. मावशी खराट्यावर हात ठेवून कौतुकाने म्हणाल्या, "या खोलीत ओढायचं कामच नाही बघा. आपसूक जातं. फिल्मा धुवायचे ना पूर्वी, म्हणून उतार काढलाय. दवाखान्यातली एवढीच खोली शहाणी."

बाईंचा कप हातातच राहिला. मग त्या खणाकडे गेल्या. टेप, ओळंबा आणि गोटी घेऊन आल्या, फरशीवर गुडघे टेकले. गोटी ठेवली, सोडली. ती पाण्याच्याच वाटेने गेली आणि जाळीवर टण्‌कन आपटली. चटईवर पावलं जिथे यायची तिथे त्यांनी दोरी ताणून मोजलं. डावं पाऊल उजव्यापेक्षा जवळजवळ एक सेंटिमीटर खाली. दोनशे चाळीस माणसं त्या उतारावर उभी राहिली होती आणि दोनशे चाळीस माणसांना सरळरावांनी सांगितलं होतं की तुम्ही वाकडे आहात. आणि एकटी क्रेनताई म्हणाली होती, जमीन बघा. तिला त्यांनी भर लोकांत नाचता न येणारी ठरवलं होतं. बाईंना आयुष्यात कधी नव्हे इतकी स्वतःची लाज वाटली.

आधी त्यांनी यार्डाच्या कागदावरचा क्रेनताईच्या घरचा नंबर लावला. सासूबाईंनीच उचलला. व्यायामाचं विचारताच म्हातारी फुशारकीने म्हणाली की तीस-साठ कसले, शेवटचा महिनाभर शंभर. पोरगी रडकुंडीला यायची, पण मीच सोडलं नाही. केबिन जाऊ द्यायची नाही म्हटल्यावर अंग चोरून कसं चालेल? आणि मग जरा थांबून तिने विचारलं, "आता पास होईल ना हो ती?" बाईंनी फोन ठेवला आणि त्या तडक डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टरांनी आधी उडवून लावलं. मग स्वतः येऊन गोटी सोडून पाहिली, दोनदा, तीनदा, जणू चौथ्यांदा ती लाजून थांबणार होती. मग खुर्चीत बसून त्यांनी बराच वेळ पडद्याकडे बघितलं. बाईंना वाटलं, आता हा माणूस खजील झाला. कुठलं काय. डॉक्टर उठले ते उजळ चेहऱ्याने. सोमवारपासून चटईखाली डाव्या बाजूला लाकडाची पातळ पट्टी सारायची, बस. पुढच्या भेटीला प्रत्येकाचे गुण दहा-पंधराने वाढलेले. तीन महिन्यांच्या व्यायामाने अख्खं गाव सरळ झालं, असा अहवाल आपसूक तयार. सुंठीवाचून खोकला गेला म्हणाले.

आणि क्रेनताई, असं बाईंनी विचारलं. डॉक्टरांनी आवाज उतरवला. एका बाईसाठी दोनशे चाळीस लोकांना घाबरवायचं का, झाकली मूठ सव्वा लाखाची असते, असं बरंच काही त्यांनी समजावलं. बाई ऐकत नाहीत असं दिसल्यावर ते म्हणाले, "गुण मशीनने दिले, बाई. तिची केबिन घालवतोय तो शेरा. त्याच्याखाली सही कोणाची आहे ते एकदा बघा."

बाईंनी बघायची गरज नव्हती.

शुक्रवारी मॅनेजर आले. कपाळावर चष्मा चढवलेला, कमी बोलणारा, नियमाने चालणारा माणूस. बरोबर क्रेनताईला आणलं होतं, बदलीच्या कागदावर तिची सही इथेच व्हायची होती. ती भिंतीला टेकून उभी होती, सगळं वजन डाव्या पायावर. डॉक्टरांनी पडद्यावर रंगीत आलेख दाखवले, डावकल समजावली, तुमच्या शंभरातले त्र्याण्णव लोक कललेले आहेत पण आता पुढच्या खेपेला बघाच, असं सांगितलं. स्वतःची टिमकी वाजवायला त्यांना ढोलकीवाला लागत नसे.

बाई मध्येच उठल्या आणि मॅनेजरांना म्हणाल्या की साहेब, एकदा तुम्हीही उभे राहून बघा. डॉक्टरांनी बाईंकडे डोळे वटारले, पण मॅनेजर बूट काढून चटईवर चढलेसुद्धा. गुण आले त्रेसष्ट. आवाजाने सांगितलं, आपला डावा खांदा उतरलेला आहे. मॅनेजर ओशाळून हसले, आपण फोन उजव्या हातात धरतो अशी कबुलीही देऊन टाकली. बघा, आजाराचं नाव ठेवलं की माणूस लक्षणं आपणच पुरवतो.

"आता तोंड फिरवून उभे राहा," बाई म्हणाल्या. "पाठ पडद्याकडे."

सरळरावांना तोंड कुठे आणि पाठ कुठे एवढं कळत होतं. त्यांनी पुढचा कॅमेरा मागचा मानला, मागचा पुढचा केला, अर्धा मिनिट विचार केल्यासारखं दाखवलं, आणि त्याच साखरेच्या आवाजात सांगितलं की आपला उजवा खांदा उतरलेला आहे, काळजी करू नका.

कुणी हसलं नाही. बाईंनी चटई गुंडाळून बाजूला केली, गोटी फरशीवर ठेवली आणि बोट काढलं. ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून घरंगळत गेली आणि जाळीवर आपटली. भिंतीला टेकलेल्या क्रेनताईने ती थांबेपर्यंत तिच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. ती चिडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं.

मॅनेजर नियमाचा माणूस होता, पण आंधळा नव्हता. चष्मा डोळ्यांवर घेऊन त्यांनी क्रेनताईचा कागद काढला. फरशी वाकडी म्हणजे गुण रद्द, सगळ्यांचेच, ते म्हणाले. मग त्यांचं बोट खालच्या ओळीवर थांबलं. हे सूचना पाळत नाही म्हणून लिहिलंय, त्यांनी विचारलं, हे पण मशीननेच लिहिलं ना?

डॉक्टरांनी संधी सोडली नाही. हो हो, ते मशीनच लिहितं, आपोआप येतं ते, असं ते घाईने म्हणाले आणि बाईंकडे मदतीचा हात दिल्यासारखं बघितलं. खरोखर मदतच होती ती. नुसती मान हलवली असती तरी सगळं खापर सरळरावांच्या तीन डोळ्यांवर फुटलं असतं, आणि बाईंनी तीन महिने ज्याची टवाळी केली त्याची फजिती बघत त्या सुखाने घरी गेल्या असत्या. मानेला तशी सवयही होती.

"नाही साहेब," बाई म्हणाल्या. "मशीनला खोटं बोलणारा माणूस ओळखता येत नाही. ते मी लिहिलं. ही पहिल्याच दिवशी म्हणाली होती की जमीन वाकडी आहे. मी तिला हसले. नंतर ती दुखतंय म्हणाली, तर मी तिला खोटारडी ठरवलं. मशीन चुकलं ते फरशीमुळे. मला फरशी आड आली नव्हती."

डॉक्टर खिशात फोन शोधत असल्यासारखे वळले. आणि क्रेनताई भिंतीपासून सुटी झाली, लंगडत दोन पावलं पुढे आली.

"मग आता तरी हात लावून बघा," ती म्हणाली.

बाईंनी तिला हॉलमधल्या जुन्या टेबलावर घेतलं. आधी चौकटीला ओळंबा टांगून तिला दोरीमागे उभं केलं, एक डोळा मिटला. खांदे काटेकोर एका रेषेत. मग आडवं झोपवून दोन्ही पाय टेपने मोजले, कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत. मिलिमीटरचाही फरक नाही. शहरातल्या सरळ माणसांची यादी केली असती तर ती पहिल्या पाचांत आली असती. मग तिला डाव्या कुशीवर वळवून बाईंनी उजव्या खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर अंगठा ठेवला आणि हळूच दाबला. कंटेनर कुंडीसारखा ठेवणाऱ्या त्या बाईच्या तोंडून कण्हणं निघालं आणि तिची मूठ टेबलाच्या कडेवर आवळली.

जे सुदृढ होतं ते रोज शंभर-शंभर वेळा ताणताणून दुखावलं होतं. बाईंनी पाय वेगवेगळ्या बाजूंना नेऊन बघितला, पुन्हा दाबून बघितलं, आणि जितका वेळ बघता येईल तितका बघितला, कारण पुढे काय सांगायचं ते त्यांना कळून चुकलं होतं.

मॅनेजर दारात उभे होते. ते म्हणाले, झालं गेलं, केबिन तुझीच आहे, सोमवारपासून ये. क्रेनताई उठून बसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू येऊ घातलं होतं, आणि ते बाईंनाच पुसावं लागलं. सहा आठवडे शिडी नाही, त्या म्हणाल्या. कदाचित आठ. त्याआधी चढलात तर हा पाय कायमचा हट्ट धरून बसेल. त्यानंतर चढाल, तो माझा शब्द, आणि तोवर रोज इथे या. मशीनपुढे नाही, या टेबलावर.

क्रेनताईने खिडकीबाहेर बघितलं. रडली नाही. सासूबाईंना काय सांगू, एवढंच तिने विचारलं, आणि ते कुणालाच विचारलेलं नव्हतं.

मॅनेजरांनी वैद्यकीय रजेचा फॉर्म पुढे केला. नियम म्हणजे नियम. केबिनमधल्या माणसाला सहा आठवडे खाली ठेवायचं तर कारणाची ओळ भरावी लागते. बाईंनी पेन घेतलं. खुबा दुखावला, असं लिहिलं असतं तरी भागलं असतं. डॉक्टर मागून हळूच सुचवत होते की 'कामाचा ताण' लिहा, सगळ्यांना सोयीचं आहे.

बाईंनी सावकाश, शाळेतल्यासारख्या अक्षरात लिहिलं: पेशंटने आमच्या सूचना तंतोतंत पाळल्या. खाली सही केली आणि कागद आधी क्रेनताईच्या हातात दिला.